वरच्या मजल्यावर कोण कुटतंय?

अंबडच्या एमआयडीसीत रात्रपाळी करून बाबा सकाळी घरी येतात, पोहे खातात आणि आडवे होतात. डोळा लागतो न लागतो तोच वरच्या काकू खलबत्त्यात शेंगदाणे कुटायला घेतात. ठक्, ठक्, ठक्! गंमत म्हणजे याच काकूंचं बोलणं मात्र खाली ऐकू येत नाही. असं का बरं?

बोलणं हवेतून येतं आणि काँक्रीटवर आपटून बहुतेक माघारी फिरतं. बत्ता थेट स्लॅबलाच हादरवतो. मग सगळा स्लॅब नाशिक ढोलाच्या पानासारखा थरथरतो. आणि ढोलाच्या आत कोण? बाबा!

ही ठकठक मोजायला खास यंत्र असतं, टॅपिंग मशीन. त्यात पाच पोलादी हातोड्या, प्रत्येकी अर्धा किलोची. 40 मिलिमीटरवरून त्या पाळीपाळीने पडतात, सेकंदाला एकूण 10 ठोके. यंत्र वरच्या खोलीत आणि माइक खालच्या. इथे मार्क जितके जास्त, तितकी जमीन नापास!

या माइकच्या पोटातही एक नवल आहे. एक पातळ पडदा, त्यासमोर एक पत्रा आणि दोघांवर साठवलेला विद्युतभार. आवाजाने पडदा हलला की मधलं अंतर बदलतं, त्याबरोबर व्होल्टेज बदलतं. झाला आवाजाचा आकडा.

हेच उलटं केलं तर? व्होल्टेज द्यायचं आणि वस्तू हलवायची! केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो, तीच ही ओढ. इंजिनिअर सिलिकॉनचे केसाहून बारीक छज्जे बनवतात: एक टोक पक्कं, दुसरं अधांतरी, अगदी तुमच्या खिडकीवरच्या छज्ज्यासारखं. छज्ज्याखालच्या पत्र्याला व्होल्टेज दिलं की छज्जा वाकतो.

पण इथे एक खोडी आहे. वाकवणं दुप्पट झालं तर छज्ज्याचा विरोध दुप्पट होतो. पत्र्याशी अंतर अर्धं झालं तर ओढ मात्र चौपट! म्हणून एका क्षणी छज्जा हरतो आणि चट्कन पत्र्याला चिकटतो. दोन सपाट पत्रे समोरासमोर असले आणि एक स्प्रिंगवर असला, तर अंतर एक तृतीयांशाने घटताच ही वेळ येते. छज्जा चिकटायला नको असेल, तर या क्षणाच्या अलीकडेच थांबावं लागतं.

छज्जे राहू देत, आता परत काकूंकडे जा आणि खलबत्त्याखाली जुन्या टॉवेलची चौपदरी घडी ठेवा. खाली येऊन ऐका. ठक्‌चं थप् झालं ना? तोच धक्का आता जरा जास्त वेळ घेऊन पसरतो, म्हणून कानाला टोचणारा बारीक आवाज गळून पडतो. तुमच्या उड्यांचा धप्प मात्र टॉवेलला जुमानत नाही. जपान-कोरियात त्याची वेगळी परीक्षा असते: अडीच किलोचा रबरी चेंडू एक मीटरवरून सोडतात. तो प्रयोग घरी नको. बाबा आत्ताच कूस बदलताहेत.