कपाळामागचा मेंदू (भाग ६) : थांबलेला हात

मळवली स्टेशनावर उतरून भाज्याची लेणी पाहायची आणि पुढे लोहगडाची वाट धरायची, हा पावसाळ्यातला अनेकांचा ठरलेला बेत. या भागात भाजलेली कणसं आली की माकडंही आलीच. झाडपाल्यावर जगणारी काळ्या तोंडाची वानरं वेगळी. ही माकडं म्हणजे डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखे केस असलेली, लांब शेपटीची बॉनेट मॅकाक. भारताच्या द्वीपकल्पाबाहेर जंगलात ती कुठेच आढळत नाहीत.

हिसकावलेल्या पिशव्यांच्या गोष्टी सगळेच सांगतात. मला त्याआधीचे काही क्षण जास्त मोलाचे वाटतात. कणीस हातभर अंतरावर आहे, भूक आहे, हात चपळ आहे; तरी माकड बसून राहतं. विक्रेत्याजवळची काठी, टोळीतल्या दांडग्या नराची नजर, मागच्या वेळी काय झालं होतं ते, हे सगळं त्याच्या हिशेबात असतं. समोरचं कणीस ‘घे’ म्हणत असताना, समोर नसलेली गोष्ट हाताला थांबवते. मागच्या भागात आपण डोक्याच्या पाठच्या बाजूला दृश्य कसं उमटतं ते पाहिलं. हे थांबणं मात्र मोठ्या प्रमाणात कपाळामागच्या मेंदूवर अवलंबून असतं.

ते कळलं १९३० च्या दशकात, अमेरिकेतल्या येल विद्यापीठात. कार्लाइल जेकबसन माकडादेखत दोन वाट्यांपैकी एकीखाली खाऊ ठेवत, मध्ये पडदा टाकत आणि काही सेकंदांनी तो उचलत. धडधाकट माकड योग्य वाटी उचलायचं. मेंदूचा पुढचा भाग काढलेलं माकड मात्र चुकायचं. त्याची दृष्टी चांगली होती, हात चालत होते, भूकही होती. म्हणजे स्मरणशक्तीच गेली, असा निष्कर्ष सहज निघतो.

तो अपुरा होता. १९४२ मध्ये रॉबर्ट माल्मो यांनी एक साधा बदल केला: पडदा खाली असताना दिवे मालवले. त्याच शस्त्रक्रिया झालेल्या माकडांची कामगिरी लक्षणीय सुधारली! या संपूर्ण विषयात मला सर्वांत आवडणारा प्रयोग हाच. आठवण अगदीच पुसली गेली असती, तर अंधाराने ती परत आली नसती. गेलं होतं ते आठवणीचं संरक्षण. आजूबाजूचं काहीही दिसलं की लक्ष तिकडे ओढलं जायचं आणि मनात धरलेली वाटी सुटून जायची.

ही धरून ठेवण्याची क्रिया पेशींमध्ये दिसायला १९७१ साल उजाडलं. अमेरिकेत होआकिन फुस्टर आणि गॅरेट अलेक्झांडर यांना, आणि त्याच वर्षी जपानमध्ये कुबोटा आणि निकी यांना, कपाळामागच्या भागात अशा पेशी सापडल्या, ज्या खूण दिसेनाशी झाल्यावरही प्रतीक्षेच्या काळात सक्रिय राहत. त्या सलग चालू राहतात की थांबून थांबून उसळतात, यावर आजही वाद चालू आहे.

आणि प्रत्यक्ष हालचाल थांबते कशी? जेफ्री शॉल यांच्या प्रयोगशाळेत माकडांना शिकवलं गेलं: ठिपका दिसला की तिकडे बघायचं, पण मध्येच ‘थांब’ अशी खूण आली तर नजर हलवायची नाही. नजर हलवणाऱ्या पेशींची सक्रियता एका ठरावीक पातळीपर्यंत चढली की डोळा फिरतो. खूण वेळेत आली, तर ती पातळी गाठण्याआधीच सक्रियता खाली येते आणि नजर जागी ठेवणाऱ्या पेशी जोर धरतात. सगळा निकाल सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास लागतो. शॉल यांच्याकडे काम केलेले आदित्य मूर्ती हाच धागा बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत पुढे नेत आहेत. या ज्ञानाची किंमत माकडांनी मोजली आहे, हे वाचकांनी विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

जंगलातला पुरावा वेगळ्या वळणाचा आहे. अद्वैत देशपांडे, श्रीजाता गुप्ता आणि अनिंद्य सिन्हा यांनी बंदीपूरच्या बॉनेट माकडांवरचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. तिथली माकडं माणसाकडे हात पसरून आणि विशिष्ट आवाज काढून खाणं मागतात. समोरच्याचं लक्ष आहे का ते पाहतात, मिळेपर्यंत चिकाटीने मागत राहतात. त्यांच्या मेंदूतल्या पेशी कुणी मोजलेल्या नाहीत. पण हेतू धरून ठेवणं आणि समोरच्याप्रमाणे वागणं बदलणं ही याच नियंत्रणाची लक्षणं आहेत. म्हणून मावळातल्या माकडांना सरसकट ‘चोर’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. पिशवीत खाणं असतं, हा नियम आपणच वेफर्स भरवून त्यांना शिकवला. त्यांनी तो शिकून लक्षात ठेवला.

मात्र मेंदूचा हा कपाळामागचा भाग जागेवर असूनही निकामी होऊ शकतो. १९७९ मध्ये ब्रोझोस्की आणि सहकाऱ्यांनी माकडांच्या याच भागातलं डोपामिन जवळजवळ संपवलं. भाग कापून टाकल्यावर जितक्या चुका होत, जवळपास तितक्याच तेव्हाही झाल्या. पुढच्या आठवड्यात या रसायनाविषयी.