पोलिओचा विषाणू आणि पेशीतील प्रथिननिर्मिती

पोलिओवर प्रतिजैविके का चालत नाहीत, असा प्रश्न पालक पुष्कळदा विचारतात. त्याचे उत्तर विषाणूच्या परावलंबी स्वभावात आहे.

जीवाणू आपली प्रथिने स्वतःच्या रायबोसोमांवर तयार करतात व अनेक प्रतिजैविके नेमके तेच काम बंद पाडतात. विषाणूजवळ मात्र रायबोसोम नसतातच. पोलिओचा विषाणू म्हणजे प्रथिनांच्या कवचातील, सुमारे ७,५०० घटकांचा आरएनएचा एकच धागा होय. तो पेशीत शिरला की पेशीचे रायबोसोम आपल्याच घरचा निरोप समजून तो वाचतात आणि त्याबरहुकूम एक लांबलचक प्रथिन घडवितात. त्या प्रथिनातच असलेली विकरे त्याचे तुकडे पाडतात. एक तुकडा आरएनएच्या नव्या प्रती काढतो. दुसरा, पेशीच्या स्वतःच्या प्रथिननिर्मितीस आवश्यक असा घटक तोडून टाकतो. मग सारी यंत्रणा विषाणूच्याच सेवेस जुंपली जाते. काही तासांत असंख्य नवे विषाणू बाहेर पडतात व पेशी मरते. मज्जारज्जूतील चेतापेशी अशा नष्ट झाल्या, तर हातपाय कायमचे लुळे पडतात.

रायबोसोम आपलेच असल्यामुळे ते बंद पाडणे म्हणजे आपल्याच पेशी मारणे होय. म्हणून विषाणूस पेशीबाहेरच अडविणे श्रेयस्कर. हे काम लसीमुळे शरीरात निर्माण होणारी प्रतिद्रव्ये करतात. भारतात नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. तथापि जगातून हा विषाणू अद्याप नाहीसा झालेला नाही. तेव्हा बालकांना लसीच्या सर्व मात्रा वेळेवर देण्यात कुचराई होऊ नये.