मोठ्या लीगमधला माणूस

चिखल्याला 'वरची लेव्हल' म्हटलं, तर मँगनीजच्या खाणीत उतरणारा माणूस खाणीच्या तोंडाजवळची पातळी समजेल. तिथे लेव्हली खाली खाली मोजतात. शब्द जिथे जन्मला तिथला चिखल त्याच्या पायाला असतोच, बरं का!

इंग्रजी वर्तमानपत्रात आपण वाचता, अमुक वकील किंवा गवई आता 'बिग लीग'मध्ये गेला. हा शब्द अमेरिकेतल्या बेसबॉलचा. १८७६ साली तिथे नॅशनल लीग निघाली. १९०१ मध्ये अमेरिकन लीग तिच्या तोडीस तोड म्हणून उभी राहिली. या दोन मोठ्या, बाकीच्या धाकट्या. मोठ्या संघाने धाकटे संघ आपल्या पदरी बाळगावेत, ही पद्धत ब्रँच रिकी यांनी १९२० नंतर रुजवली. अशा संघांना नाव काय पडलं? तर 'शेत'! भंडाऱ्याच्या धानकऱ्याला हे समजावून सांगायला नको. आधी पऱ्हे टाकायचे, मग ते उपटून बांधीत रोवणी करायची. फरक इतकाच, की रोवलेलं रोप कोणी परत पऱ्ह्यात नेत नाही. तिथला खेळाडू मात्र हात मंदावला की पुन्हा धाकट्या संघात धाडला जातो.

म्हणून 'अटकेपार झेंडा लावला' हे त्याचं भाषांतर मला पटत नाही. ती १७५८ च्या स्वारीची आठवण. मजल मारली, झालं, असा त्यातला भाव. मोठ्या लीगमध्ये गेलेल्याची परीक्षा उद्यापासून रोज आहे. चिखल्याचा मुलगा नागपूरच्या संघात निवडला गेला, की आपण हार घालून मोकळे होतो. 'बिग लीग' म्हणणारा त्याच क्षणी बजावील, आता खरी गाठ आहे.

पण मोठी लीग कोणती, हे ठरवतं कोण? कृष्णवर्णीय खेळाडूंना तिची दारं कित्येक दशकं बंद होती. त्यांनी स्वतःच्या लीगा चालवल्या. जॅकी रॉबिन्सन १९४६ साली माँट्रियलच्या धाकट्या संघातून खेळले आणि १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिनतर्फे मोठ्या लीगच्या मैदानात उतरले. त्यांना घेणारे हेच रिकी. आणि १९२० ते १९४८ या काळातल्या कृष्णवर्णीयांच्या सात लीगाही 'मोठ्या'च होत्या, हे तिथल्या कारभाऱ्यांनी जाहीर केलं ते २०२० च्या डिसेंबरात. तोवर त्यांतले बहुतेक खेळाडू हयात नव्हते.