टेनेसीमधील ऑलिंपिक पदकविजेते

टेनेसीमधील ऑलिंपिक पदकविजेते या संज्ञेत अमेरिकेच्या आग्नेय भागातील टेनेसी या राज्यात जन्मलेले, तेथे वाढलेले अथवा तेथील विद्यापीठांत शिक्षण घेतलेले ऑलिंपिक पदकविजेते खेळाडू येतात. यांपैकी अनेक खेळाडूंचा जन्म इतर राज्यांत झाला असून त्यांचा टेनेसीशी असलेला संबंध विद्यापीठामुळे निर्माण झालेला आहे. विशेषतः नॅशव्हिल येथील टेनेसी स्टेट विद्यापीठाच्या महिला धावपटूंनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या महिला ॲथलेटिक्सचा पाया घातला.

पार्श्वभूमी

इ.स. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत वंशभेदाचे कायदे लागू होते. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना बहुतेक मोठ्या विद्यापीठांत प्रवेश नव्हता आणि मुलींच्या खेळांसाठी शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्था फारच थोड्या होत्या. शिक्षणसंस्थांमध्ये लिंगाधारित भेदभावास मनाई करणारा 'टायटल नाइन' हा संघीय कायदा १९७२ मध्ये आला. त्यापूर्वीच, १९१२ साली कृष्णवर्णीयांसाठी सुरू झालेल्या टेनेसी स्टेटने महिला धावपटूंचा संघ उभा केला होता. त्यामुळे जॉर्जिया, फ्लोरिडा, ओहायो आदी राज्यांतील गुणी मुली नॅशव्हिलला येऊ लागल्या.

टायगरबेल्स

विद्यापीठाचा महिला संघ 'टायगरबेल्स' या नावाने ओळखला जातो. एड टेंपल यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभापासून १९९४ पर्यंत या संघास प्रशिक्षण दिले. ते विद्यापीठात समाजशास्त्रही शिकवत. खेळाडूंना शिक्षणखर्चाच्या मोबदल्यात विद्यापीठाच्या आवारात काम करावे लागे. स्पर्धांसाठी मोटारीने प्रवास करताना वाटेतील उपाहारगृहे व स्वच्छतागृहे कृष्णवर्णीयांना बंद असल्याने जेवण सोबत बांधून न्यावे लागे. शालेय मुलींसाठी टेंपल उन्हाळी शिबिरे घेत. पुढील संघ त्यांतूनच घडत असे.

त्यांच्या कारकिर्दीत संघातील ४० खेळाडू ऑलिंपिकमध्ये उतरल्या आणि त्यांनी १३ सुवर्ण, ६ रौप्य व ४ कांस्य अशी एकूण २३ पदके मिळवली. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकणाऱ्या ४ × १०० मीटर रिले संघातील मे फॅग्ज, मार्गारेट मॅथ्यूज, विल्मा रुडॉल्फ आणि इझाबेल डॅनियल्स या चौघीही टेनेसी स्टेटच्याच होत्या. १९६० मध्ये रोम येथे सुवर्णपदक मिळवणाऱ्या मार्था हडसन, ल्युसिंडा विल्यम्स, बार्बरा जोन्स व रुडॉल्फ याही त्याच विद्यापीठाच्या होत्या.

विल्मा रुडॉल्फ

विल्मा रुडॉल्फ (१९४०–१९९४) यांचा जन्म टेनेसीतील क्लार्क्सव्हिलनजीक झाला. वडिलांच्या २२ अपत्यांपैकी त्या विसाव्या होत्या. बालपणी पोलिओ झाल्याने त्यांचा डावा पाय अधू झाला. उपचारांसाठी आई त्यांना सुमारे ८० किलोमीटर दूर असलेल्या नॅशव्हिलच्या मेहॅरी मेडिकल कॉलेजात नेत असे, तर घरी भावंडे आळीपाळीने पायाला मालिश करत. पायातील कॅलिपर सुटल्यानंतर त्या प्रथम बास्केटबॉल व नंतर धावण्याकडे वळल्या.

वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांना मेलबर्न येथे कांस्यपदक मिळाले. रोममध्ये त्यांनी १०० मीटर, २०० मीटर व रिले या तिन्ही शर्यती जिंकल्या. एकाच ऑलिंपिकमध्ये ॲथलेटिक्सची तीन सुवर्णपदके मिळवणाऱ्या त्या पहिल्या अमेरिकन महिला होत. १०० मीटरची अंतिम शर्यत त्यांनी ११.० सेकंदांत पूर्ण केली, मात्र पाठीमागून वाहणाऱ्या वाऱ्याचा वेग मर्यादेबाहेर असल्याने ती वेळ विक्रम म्हणून नोंदली गेली नाही.

परतल्यावर क्लार्क्सव्हिलने त्यांचा नागरी सत्कार योजला. गोरे व कृष्णवर्णीय यांच्यासाठी वेगवेगळी व्यवस्था असल्यास आपण सहभागी होणार नाही, अशी भूमिका रुडॉल्फ यांनी घेतली. परिणामी ती मिरवणूक व भोजन समारंभ हे वंशभेद न पाळता झालेले त्या शहरातील पहिले सार्वजनिक कार्यक्रम ठरले.

रोमनंतरचा काळ

जॉर्जियातील वायोमिया टायस यांनी १९६४ (टोकियो) व १९६८ (मेक्सिको सिटी) मध्ये १०० मीटरचे सुवर्णपदक पटकावले. ऑलिंपिकमध्ये हे विजेतेपद राखणाऱ्या त्या स्त्री-पुरुषांतील पहिल्या धावपटू होत. पुरुषांमध्ये असा पराक्रम कार्ल लुईस यांच्या नावे १९८८ मध्ये नोंदला गेला. मेक्सिको सिटीत वंशभेदाच्या निषेधार्थ मूठ उंचावणाऱ्या टॉमी स्मिथ व जॉन कार्लोस यांना टायस यांनी आपले रिलेचे सुवर्णपदक अर्पण केले.

इतर निवडक खेळाडू

• राल्फ बॉस्टन (टेनेसी स्टेट) – लांब उडी. १९६० सुवर्ण, १९६४ रौप्य, १९६८ कांस्य. १९६० मध्ये त्यांनी जेसी ओवेन्स यांचा २५ वर्षे अबाधित राहिलेला विश्वविक्रम मोडला.
• एडिथ मॅक्ग्वायर (टेनेसी स्टेट) – १९६४; २०० मीटर सुवर्ण, १०० मीटर व रिले रौप्य.
• मॅडेलिन मॅनिंग (टेनेसी स्टेट) – १९६८. ८०० मीटर सुवर्ण.
• चँड्रा चीझबरो (टेनेसी स्टेट) – १९८४. दोन्ही रिले शर्यतींत सुवर्ण, ४०० मीटर रौप्य. टेंपल यांच्यानंतर त्या विद्यापीठाच्या प्रशिक्षक झाल्या.
• ट्रेसी कॉल्किन्स – बालपण नॅशव्हिल येथे, जलतरण. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकवर अमेरिकेने बहिष्कार टाकल्याने ऐन बहराच्या काळात त्यांची संधी हुकली. १९८४ मध्ये त्यांनी तीन सुवर्णपदके जिंकली.
• पॅट समिट – जन्म क्लार्क्सव्हिल, बास्केटबॉल. महिला बास्केटबॉलचा ऑलिंपिकमध्ये प्रथम समावेश झाला त्या १९७६ मध्ये खेळाडू म्हणून रौप्य. १९८४ च्या सुवर्णविजेत्या संघाच्या प्रशिक्षक.
• बेनिटा फिट्झजेराल्ड (टेनेसी विद्यापीठ, नॉक्सव्हिल) – १९८४. १०० मीटर अडथळा शर्यत सुवर्ण.
• रोशेल स्टीव्हन्स – जन्म मेंफिस. ४ × ४०० मीटर रिले. १९९२ रौप्य, १९९६ सुवर्ण.

वारसा

क्लार्क्सव्हिलमधील एका प्रमुख रस्त्यास विल्मा रुडॉल्फ यांचे नाव देण्यात आले आहे. २०१५ मध्ये नॅशव्हिल येथे एड टेंपल यांचा पुतळा उभारण्यात आला. टेंपल यांचे २०१६ मध्ये निधन झाले. त्यांच्या बहुतेक खेळाडूंनी पदवी पूर्ण केली होती. पदकांच्या संख्येपेक्षा ते स्वतः याच गोष्टीचा अधिक अभिमान बाळगत.