दोन सह्या

पोलादपूर तालुक्यातले उमरठ म्हणजे तानाजी मालुसऱ्यांचे गाव. त्यांची आणि शेलारमामांची समाधी तिथेच आहे. सिंहगडाच्या पोवाड्याला या गावात निराळाच भार येतो. पोवाडा संपता संपता शाहीर त्यात आपले नाव गुंफतो. ती त्याची सही.

रशियन संगीतकार दिमित्री शोस्ताकोविच (१९०६–१९७५) यानेही अशीच सही केली, पण शब्दांवाचून. नुसत्या त्याच्या रचनांची चेंबर मैफल असली, की आठवे स्ट्रिंग क्वार्टेट बहुधा असतेच. दोन व्हायोलिने, एक व्हियोला, एक चेलो. वाद्यवृंद नाही, छडीवाला संचालक नाही. आपल्या दिवाणखान्यातल्या बैठकीसारखा प्रकार.

सोव्हिएत शौर्य मराठी माणसापर्यंत डफावरूनच आले. अण्णाभाऊ साठ्यांनी स्टालिनग्राडचा पवाडा रचला तो १९४३ साली. त्याच्या आदल्याच वर्षी वेढ्यातल्या लेनिनग्राडमध्ये अर्धपोटी वादकांनी शोस्ताकोविचची सातवी सिंफनी वाजवली होती. मात्र याच संगीतकाराला सरकारने १९३६ आणि १९४८ साली जाहीर झोडपले होते. १९६० साली तो कम्युनिस्ट पक्षात जायला तयार झाला. जवळचा मित्र ग्लिकमन सांगतो, दडपणाखाली.

बँकेत मी आयुष्यभर सह्या ताडून पाहिल्या. मनापासून केलेली सही आणि नाइलाजाने केलेली, कागदावर दोन्ही सारख्याच दिसतात. हो, चेकही दोन्ही वटतात!

त्याच वर्षीच्या जुलैत ड्रेस्डेनजवळ, अवघ्या तीन दिवसांत, त्याने हे क्वार्टेट लिहिले. अर्पण केले फॅसिझम आणि युद्धाच्या बळींना. ग्लिकमनला मात्र कळवले, की आपल्या मरणानंतर आपल्यासाठी कोणी असे काही लिहील असे वाटत नाही, म्हणून आपणच लिहिले.

घरात पेटी असेल तर पांढरी एकचा सा धरा आणि वाजवा: रे, कोमल ग, सा, खालचा शुद्ध नी. जर्मन स्वरलिपीत ही त्याच्या नावाची अक्षरे होतात. शाहीर नाव शेवटी घालतो. हा पहिल्या स्वरापासून घालतो. पुढे त्याच्याच जुन्या रचनांचे तुकडे येतात, तुरुंगात मेलेल्या क्रांतिकारकाचे गाणे येते. चौथ्या भागात तीन-तीन ठोके पडतात. कोणाला त्यांत बॉम्ब ऐकू येतात, कोणाला मध्यरात्री दारावर पडलेली थाप. मला थापच ऐकू येते.

पाचव्या भागात पुन्हा तेच चार स्वर, एकाकडून दुसऱ्या वाद्याकडे जात, हळू हळू विरत. टाळी वाजवावी की नाही, हे क्षणभर कळत नाही.