वळणावर बाहेर ढकलतं कोण?

९ जून २०२५च्या सकाळी मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल एकमेकींना घासून गेल्यासारख्या गेल्या आणि दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. तेव्हापासून बंद दारांच्या लोकलची चर्चा चालू आहे. विठ्ठलवाडीच्या फलाटावर ती रोजचीच. कर्जत-बदलापूरहून भरून आलेल्या गाडीत इथे पाय ठेवायला मिळतो तो दारातच, आणि कल्याण गाठायच्या आत वळण येतं.

‘गाडीने बाहेर फेकलं’ असं आपण म्हणतो. खरं तर बाहेर फेकणारं कुणीच नसतं. शरीर सरळ जात राहतं, वळते ती गाडी. तिच्याबरोबर वळायचं तर कुणीतरी आपल्याला आत ओढायला हवं. ती ओढ पायाखालच्या घर्षणातून मिळते, नाहीतर हातातल्या दांड्यातून.

समजा, वळणाची त्रिज्या ३०० मीटर आणि वेग ताशी ६० किलोमीटर. रूळ सपाट असतील तर ६० किलोच्या माणसाला साधारण ५६ न्यूटन ओढ लागते, म्हणजे पावणेसहा किलोची पिशवी धरण्याइतकी. एका हाताला हे सहज झेपतं. पण मागे उभ्या दहा जणांच्या हाताला काहीच नसलं, तर त्यांचा भार रेटत रेटत दारातल्या माणसावर येतो. त्यातला निम्मा जरी पोचला तरी जवळपास २८ किलो झाले. वेग दुप्पट झाला तर हे सगळं चौपट.

यासाठीच रेल्वे वळणावर बाहेरचा रूळ उंच ठेवते. एका ठरावीक वेगाला हा रेटा जवळजवळ नाहीसा होतो. त्याहून वेगाने गेलं की माणसं बाहेर झुकतात, हळू गेलं की आत. शिवाय रूळ वाकडा असला तरी डबा सरळच असतो. त्याचा मधला भाग वळणाच्या आत सरकतो, टोकं बाहेर येतात. शेजारच्या दोन गाड्यांमधलं अंतर तिथेच कमी होतं. त्यात पाठीवरची सॅक बाहेर आलेली. दोन्ही गाड्या ताशी ६०ने समोरासमोर आल्या तर सापेक्ष वेग १२० होतो. एवढ्या वेगात सॅकचा पट्टा अडकला तरी पुरे.

दारातल्या प्रवाशाला बेशिस्त म्हणणं मला पटत नाही. गर्दीचा रेटा त्याच्या मुठीने नव्हे, दाराने झेलायला हवा. तशी दारं येईपर्यंत सॅक पाठीवर नको, पोटाशी घ्या. आणि आत उभे असाल तर वरची कडी धरा. तुमचा भार तुम्हीच पेललात, तर दारातल्या माणसावर तो येणार नाही.