फाइलला दोष देण्याआधी डम्प वाचा

बँका आणि विमा कंपन्यांच्या मेनफ्रेमवरचा कोबोल प्रोग्राम मध्येच बंद पडला आणि 'एस०सी७' हा संकेत आला, की फाइल खराब झाली असे सहज म्हटले जाते. हा संकेत मात्र एवढेच सांगतो, की दशांश आकडेमोडीसाठी घेतलेला मजकूर वैध आकडा नव्हता. कारण शोधायला डम्प, म्हणजे प्रोग्राम थांबला त्या क्षणीच्या मेमरीची नक्कल, वाचावा लागतो. त्यातला पत्ता कंपायलरच्या लिस्टिंगशी ताडला, की प्रोग्राममधली नेमकी ओळ सापडते. मग बफरमधली, म्हणजे फाइलमधून वाचलेला मजकूर ठेवलेल्या मेमरीतली, नोंद पाहायची. पॅक्ड दशांश रकमेच्या शेवटी सहसा सी, डी किंवा एफ हे चिन्ह असते. तिथे ४०४०४० दिसले, तर रकमेच्या जागी नुसत्या स्पेस आल्या आहेत, कारण एबसिडिक या मेनफ्रेमवरच्या अक्षरसंकेतात ४० म्हणजे स्पेस. पुढची सगळी फील्ड एका बाइटने सरकलेली असतील, तर फाइलची रचना आणि प्रोग्राममधले तिचे वर्णन जुळत नाही.

लॉग असताना डम्प कशाला, असा आक्षेप घेतला जातो. पण लॉगमध्ये प्रोग्रामरने आधी कल्पना केलेलेच नोंदले जाते. अकल्पित चूक डम्पमध्येच उघडी पडते. चूक आधीच्या प्रोग्रामची असू शकते, हेही खरे. तरी दोषी नोंद हाती आल्याशिवाय तिचा माग काढणार कसा? डम्पमध्ये ग्राहकांची माहिती असते, म्हणून तो मोजक्याच लोकांच्या हाती द्यावा. पण अंदाजाने नोंद वगळून काम पुढे रेटणे अधिक घातक आहे, कारण त्या नोंदीमागे कुणाचा तरी पैसा असतो.